अक्षरांचा शिधा

‘अक्षर चांगलं असलं की निम्मे मार्क तिथंच मिळतात’ हे वाक्य ज्याने लहानपणी ऐकलं नाही, तो मराठी घरात वाढलाच नाही असं खुशाल समजावं. उरलेले निम्मे मार्क कशाचे असतात हे मात्र कुणी सांगत नसे, त्यामुळे आमच्या वर्गातले बरेचजण शेवटपर्यंत निम्म्यावरच राहिले. पण देखण्या अक्षराचं वेड आम्हाला लागलं ते लागलंच. लग्नपत्रिका हातात आली की आम्ही आधी अक्षर बघतो, मग जेवणाची वेळ बघतो, आणि लग्न कुणाचं आहे ते सवडीने बघतो. कमल शेडगे यांनी काढलेलं नाटकाचं शीर्षक वर्तमानपत्रात बघून तिकिटाच्या रांगेत उभे राहिलेले आणि नाटक पडल्यावरही ‘शीर्षक मात्र झकास होतं हो!’ असं म्हणत घरी परतलेले गृहस्थ माझ्या नात्यात आहेत.

तेव्हा संकेतस्थळ काढणाऱ्या मंडळींना आपल्या पानावरची अक्षरं जरा ठेवणीतली असावीत असं वाटलं, तर त्याबद्दल माझी तक्रार नाही. उलट कौतुकच आहे. माझं भांडण आहे ते ही अक्षरं वाढण्याच्या पद्धतीशी. हल्ली यजमान पाहुण्याला घरी बोलावतो, पाटावर बसवतो, आणि ताट मांडण्याऐवजी त्याच्या कानात सांगतो, ‘असे करा, त्या समोरच्या मोठ्या वाड्यात जाऊन तुमची अक्षरं तेवढी घेऊन या. तिथे नावगाव विचारतील, ते सांगा.’ बरं, हे पाहुण्याच्या कानात सांगितलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. ते सांगतात पाहुण्याच्या नोकराच्या कानात. पाहुण्याला पत्ताच नसतो.

पूर्वी असं नव्हतं. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्याकडे राणोजी रावजी आरू यांच्यासारखा अक्षरं कोरणारा कारागीर होता, आणि निर्णयसागरी खिळ्यांच्या वळणाचं नाव पुढे देशभर झालं. पण एखाद्या छापखान्याने खिळे विकत घेतले की मामला संपला. पैसे दिले, पावती घेतली, खिळे घरी आणून खणांत भरले. पुढे त्या खिळ्यांतून गीता छापली की लावण्यांचं पुस्तक, आणि ते पुस्तक कुणी दिवाणखान्यात बसून वाचलं की माळ्यावर दडून, ही बातमी खिळे ओतणाऱ्याकडे जाण्याची काही सोय नव्हती. ती जावी असं त्यालाही वाटत नसणार. त्याला कामं होती.

पुढे संगणक आला आणि इंटरनेटवर मराठी आली. सुरुवातीला जो तो आपापल्या फॉन्टचा राजा. वर्तमानपत्र उघडलं की आधी सूचना दिसायची, ‘आमचा फॉन्ट उतरवून घ्या.’ उतरवला नाही तर अग्रलेखाच्या जागी परग्रहावरच्या माणसाने दिलेल्या शिव्या दिसत. (काही अग्रलेख त्या वेषात अधिक वाचनीय होत, ती गोष्ट वेगळी.) मग युनिकोड रुळलं. विंडोजमध्ये र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ आला आणि सगळी मराठी एकदम मंगलमय झाली. मुंजीचं आमंत्रण असो की थकलेल्या घरपट्टीची नोटीस, सगळंच मंगल!

अशा वेळी, २०१० साली, गूगलने फॉन्टचं सदावर्त उघडलं. पुढच्या काही वर्षांत तिथे देवनागरी पंगतही बसली, आणि काय एकेक पक्वान्नं म्हणता! मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींनी केलेला ‘मुक्ता’, तो गोलसर अंगाचा ‘बालू’, आणि ज्याची अक्षरं सारण जास्त झाल्यासारखी टम्म फुगलेली आहेत तो ‘मोदक’. ‘यात्रा वन’ नावाचा एक फॉन्ट तर मुंबईच्या लोकल गाड्यांच्या रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला आहे. तो वाचताना मला उगाच कुणीतरी ‘पुढे सरका’ म्हणेल असं वाटत राहतं. हे सगळं फुकट. देणाऱ्याचं नाव कुणी घ्यावं, असंच हे काम आहे, आणि मी घेतो.

पण सदावर्तात दोन रिती असतात, हे आपल्याकडच्या कुठल्याही तीर्थक्षेत्री जाऊन आलेल्या माणसाला सांगायला नको. एक, शिधा घ्यायचा, घरी आणायचा, आणि आपल्या चुलीवर रांधायचा. दुसरी, तिथेच पंगतीला बसायचं. अक्षरांच्या सदावर्तातही हीच सोय आहे. फॉन्टची फाइल उतरवून आपल्या संकेतस्थळावर ठेवता येते. हा झाला शिधा. नाहीतर आपल्या पानावर एक ओळीची चिठ्ठी डकवायची की ‘अक्षरांसाठी गूगलकडे जावे.’ मग आपल्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा परस्पर तिकडच्या पंगतीला. शिधा आणायला एक संध्याकाळ लागते, चिठ्ठी डकवायला अर्धं मिनिट. आपली मंडळी काय करतात, ते मी सांगायला हवं का?

आता ही चिठ्ठी काय करते ते पाहा. तुम्ही पान उघडता. तुमचा ब्राउझर म्हणजे फार आज्ञाधारक गडी. चिठ्ठी दिसली की तुम्हाला न विचारता धावत सुटतो. आधी एका खिडकीशी जाऊन अक्षरांची यादी आणतो, मग दुसऱ्या खिडकीशी जाऊन अक्षरं. काही मागायचं म्हणजे ते कुठे पाठवायचं तो पत्ता द्यावाच लागतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. शिवाय हा गडी मनाचा मोकळा. ‘मी अमुक जातीचा ब्राउझर, तमुक यंत्रावर राहतो, आणि मला अमक्या संकेतस्थळाने धाडलं,’ हेही तो खिडकीशी सांगून मोकळा होतो. आयपी पत्त्यावरून कुणी लगेच तुमच्या दाराची कडी वाजवणार नाही हे खरं. पण गावाचा अंदाज येतो, आणि तो पत्ता त्या वेळी कुणाच्या जोडणीवर होता हे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या दप्तरात सापडू शकतं. म्हणूनच युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१६ साली सांगितलं, की असा बदलता पत्तासुद्धा व्यक्तिगत माहितीत मोडू शकतो.

‘पण एवढ्या माहितीने कुणाचं काय बिघडतं?’ असं तुम्ही म्हणाल. हा प्रश्न आमच्या गावच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीतही निघाला होता. वाचनालयाने संकेतस्थळ काढायचं ठरवलं. त्यात एक चांगला विचार होता, आणि तो अर्थातच अध्यक्षांचा नसून ग्रंथपालबाईंचा होता. त्यांचं निरीक्षण असं, की काही पुस्तकं लोकांना हवी असतात पण काउंटरवर येऊन मागवत नाहीत. दारू सोडण्याबद्दलची, क्षयाबद्दलची, मनाच्या आजारांबद्दलची, घटस्फोटाच्या कायद्याबद्दलची. लोक कपाटापाशी घोटाळतात, मागे कुणी आलं की चटकन ‘सुलभ पाककृती’ उचलतात आणि निघून जातात. म्हणून या विषयांवरच्या लहान पुस्तिका बाईंनी जमवल्या. त्या संकेतस्थळावर ठेवायच्या, म्हणजे माणसाला रात्री दार लावून, फोनवर, कुणाच्या नजरेला नजर न देता वाचता येईल. सगळ्या योजनेचा जीव काय तो त्या बंद दारात.

संकेतस्थळ बनवणारा तरुण सभेत आला. अक्षरं सुरेख होती, सगळ्यांनी माना डोलावल्या.

“गूगलचा फॉन्ट आहे सर. फ्री आहे,” तो म्हणाला.

“फुकट आहे ना? मग मंजूर,” अध्यक्ष म्हणाले. आमच्या अध्यक्षांनी फुकट गोष्ट नामंजूर केल्याची इतिवृत्तात नोंद नाही.

ग्रंथपालबाईंनी चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढला की चिटणीस पंखा बंद करतात, असा प्रघात आहे. “फॉन्ट गूगलकडून येतो म्हणजे वाचकाची काही माहिती तिकडे जाते का हो?”

“नाव वगैरे काही नाही मॅडम. फक्त आयपी.”

“आयपी म्हणजे काय?” अध्यक्षांनी विचारलं.

“इंडियन पीनल,” खजिनदार म्हणाले. “पुढचा कोड राहिला यांचा.”

तरुणाने बिचाऱ्याने समजावून सांगितलं. बाई म्हणाल्या, “या कोणी कुठलं पुस्तक नेलं ते तीस वर्षांत मी त्याच्या बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. आता नुसत्या अक्षराच्या वळणासाठी मी ते परक्याच्या खिडकीशी सांगून येऊ?”

यावर तो तरुण जे म्हणाला ते मी लिहून ठेवलं आहे, कारण या सगळ्या धंद्याचं सार त्यात आहे. तो म्हणाला, “फॉन्ट आपल्याकडेच ठेवता येतो मॅडम, पण त्याचा चार्ज वेगळा पडेल.” म्हणजे पाहुण्याला घरातच वाढायचं असेल तर पैसे जास्त, दुसऱ्याच्या दारी पाठवायचं असेल तर ते दरात धरलेलंच आहे! अध्यक्षांनी घाईघाईने विषय पुढच्या सभेवर टाकला.

नेमकं सांगायचं तर वाचक कुठल्या पुस्तिकेवर आहे हे हल्लीचे ब्राउझर सहसा त्या खिडकीशी सांगत नाहीत. कुठल्या घरून आलो एवढंच सांगतात. तेवढ्यावर आमच्या अध्यक्षांनी समाधानाचा सुस्कारा सोडला. पण घराच्या नावातच सगळं असलं तर? संकेतस्थळ एखाद्या व्यसनमुक्ती केंद्राचं असलं, एखाद्या आजाराच्या रुग्णांच्या संघाचं असलं, छळ झालेल्या बायकांना मदत करणाऱ्या संस्थेचं असलं, तर पान कुठलं हे विचारायला कोण बसलंय? दारावरची पाटी पुरे.

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे घेतो. माझ्यावर एकांगीपणाचा आरोप नको.

पहिला मुद्दा वेगाचा. जाणकार सांगतात, ‘अहो, लाखो संकेतस्थळं तोच फॉन्ट वापरतात. एकदा एका ठिकाणी उतरला की ब्राउझर तो कपाटात ठेवतो आणि दुसरीकडे तोच वाढतो. वेळ वाचतो.’ हे एके काळी खरं होतं. पण एकाच कपाटात डोकावून हा माणूस आधी कुठे कुठे जाऊन आला ते ओळखता येतं, हे ध्यानात आल्यावर ब्राउझरवाल्यांनी प्रत्येक संकेतस्थळासाठी निराळं कपाट केलं. सफारीने ते फार आधी केलं, क्रोमने ऑक्टोबर २०२० पासून, फायरफॉक्सने जानेवारी २०२१ पासून. म्हणजे आता दहा संकेतस्थळांवर ‘मुक्ता’ असला तर गडी दहा वेळा त्याच वाड्यात खेपा घालतो आणि दहा कपाटांत दहा ‘मुक्ता’ ठेवतो. मुद्दा मरून काही वर्षं झाली, पण आमचे जाणकार अजून त्याचं वर्षश्राद्ध सोडून वाढदिवसच करतात. उलट दोन परक्या खिडक्यांशी ओळख काढण्यात वेळ जातो, तो घरात अक्षरं असली तर वाचतो.

दुसरा मुद्दा सचोटीचा. गूगलचं म्हणणं असं आहे, की फॉन्ट देताना ते कुकी ठेवत नाहीत, आयपी पत्ते नोंदवून ठेवत नाहीत, आणि या माहितीवरून कुणाची कुंडली मांडत नाहीत की जाहिराती लावत नाहीत. यादी एक दिवस आणि फॉन्टची फाइल वर्षभर कपाटात टिकते, त्यामुळे गड्याला दर पानाला धावावंही लागत नाही. मी त्यांना खोटं पाडायला निघालेलो नाही. वाड्याचे मालक सज्जन असतील, वही कोरी ठेवत असतील. पण मी पाहुणा बोलावला तो माझ्या भरवशावर. त्याला दुसऱ्याच्या सज्जनपणाच्या भरवशावर सोडायचा अधिकार मला कुणी दिला? आणि वहीचा नियम करणारा वाड्याचा मालक आहे; तो उद्या त्याने बदलला तर माझ्या पाहुण्याला कळवायला कुणी येणार नाही.

तिसरा मुद्दा सनातन आहे. ‘ज्याला लपवायचं काही नाही त्याने कशाला घाबरावं?’ हे मला ज्यांनी ऐकवलं, ते गृहस्थ एटीएममध्ये आकडे दाबताना सगळ्या अंगाची छत्री करतात. मी त्यांना विचारलं, ‘लपवताय काय?’ तेव्हापासून आमचं बोलणं कमी झालं आहे. लपवणं आणि झाकणं यांत फरक आहे हो! चोर लपवतो. बाकी आपण सगळे झाकतो, आणि त्यालाच सभ्यपणा म्हणतात.

हा वाद जर्मनीत कोर्टापर्यंत गेला, आणि जर्मन लोक एकदा कोर्टात गेले की निकाल लागेपर्यंत थांबतात. म्युनिकच्या न्यायालयाने २० जानेवारी २०२२ रोजी एका संकेतस्थळाच्या चालकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली. गुन्हा काय, तर पाहुण्याची संमती न घेता गूगल फॉन्टच्या पायी त्याचा आयपी पत्ता परस्पर गूगलला जाऊ दिला. चालक म्हणाला, माझी गरज होती. न्यायालय म्हणालं, गरज कसली? फॉन्ट स्वतःकडे ठेवूनही वापरता येतो की! शिधा उपलब्ध असताना पाहुण्याला पंगतीला का धाडलंस, एवढाच तो प्रश्न. आमच्या ग्रंथपालबाईंनी तो चष्मा काढून विचारला, म्युनिकच्या न्यायाधीशांनी निकालपत्रात लिहिला.

पुढे मात्र गंमत झाली. शंभर युरोचा वास लागताच जर्मनीत आणि ऑस्ट्रियात नोटिशींचा पाऊस पडला. ‘आमच्या अशिलाने आपले संकेतस्थळ पाहिले, त्याच्या मनाला यातना झाल्या, सबब १७० युरो पाठवून प्रकरण मिटवावे.’ हजारो लहान दुकानदारांना, संस्थांना अशी पत्रं गेली. तपास करणाऱ्यांना संशय आला, की एवढी संकेतस्थळं माणसाने पाहिलेलीच नाहीत. एका संगणक आज्ञावलीने भराभर पाहिली. म्हणजे यातना यंत्राच्या आणि मलम वकिलाला. डिसेंबर २०२२ मध्ये बर्लिनच्या सरकारी वकिलांनी फसवणुकीच्या आणि खंडणीच्या संशयावरून झडत्या घेतल्या. आमच्याकडे काहीजण हा किस्सा सांगून म्हणतात, ‘बघा, शेवटी हे खाजगीपणाचं खूळ म्हणजे पैसे काढण्याचा धंदा.’ मी म्हणतो, खोट्या जखमेवर भरपाई मागणारे निघाले म्हणून चाकू निर्धोक ठरत नाही.

आपल्याकडे काय? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं, की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातल्या जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. वकील मंडळी त्यातून काय काढायचं ते काढतील. पण पाहुण्याला घरात वाढावं यासाठी संसदेने कायदा करेपर्यंत थांबायचं असेल, तर आपण आजवर कुणाकडे जेवलो ते नशीबच म्हणायचं.

बरं, हा शिधा घरी आणणं एवढं अवघड आहे का? वाचनालयाची पुढची सभा होईपर्यंत मी आमच्या भाच्याला विचारलं. तो या क्षेत्रातला. त्याने माझ्यासमोर बसून चहा गार व्हायच्या आत काम केलं आणि वर म्हणाला, “मामा, एवढ्यासाठी तुमची सभा तहकूब झाली?”

त्याने काय केलं ते सांगतो, कारण ते कुणालाही करता येतं. गूगलच्याच सदावर्तातून ‘मुक्ता’ची फाइल उतरवली. त्यातले बहुतेक फॉन्ट ‘ओपन फॉन्ट लायसन्स’ या परवान्याखाली आहेत. हा परवाना फार उदार आहे. फॉन्ट वापरा, आपल्या संकेतस्थळावर ठेवा, दुसऱ्याला द्या. फक्त परवान्याचा कागद सोबत ठेवा, फॉन्ट नुसता सुटा विकायला बसू नका, आणि त्यात फेरफार केलात तर मूळ कर्त्याने राखून ठेवलेलं नाव लावू नका. मग त्याने फाइलचं ‘वॉफ टू’ या दाबून बसवलेल्या प्रकारात रूपांतर केलं. हा प्रकार २०१८ पासून वेबचा अधिकृत दर्जा मिळालेला आहे. ‘मुक्ता’ची सात वजनं आहेत, त्यातली त्याने दोनच घेतली, साधं आणि ठळक. (लग्नाला नेसायचं असलं तरी सातही शालू एकदम नेसत नाहीत, असं त्याची आई म्हणाली.) दोन्ही फाइली वाचनालयाच्या स्वतःच्या जागेत ठेवल्या, पानाच्या सजावटीच्या फाइलमध्ये त्यांचा पत्ता चार ओळींत लिहिला, आणि मुख्य म्हणजे ती जुनी चिठ्ठी खरवडून काढली. पुष्कळजण हे शेवटचं विसरतात. मग पाहुणा घरी जेवतो आणि तरी वाड्यात जाऊन नाव सांगून येतो. अध्यक्षांचा हार घालतानाचा जो फोटो पहिल्या पानावर आहे, त्याच्यापेक्षा या दोन फाइलींचं वजन मिळूनही कमी भरलं. अर्थात त्या फोटोपेक्षा कमी वजनाच्या गोष्टी जगात बऱ्याच आहेत.

ज्यांची संकेतस्थळं वर्डप्रेसवर आहेत त्यांना तर चहाही गार करावा लागत नाही. एप्रिल २०२४ च्या ६.५ आवृत्तीपासून त्यात फॉन्टचं कोठार आहे. नव्या पद्धतीची सजावट असेल, तर तिथून निवडलेला गूगलचा फॉन्ट आपल्याच जागेत आणून ठेवला जातो. पहिल्यांदा आणताना तुमची संमती विचारतात. यजमानालाच, पाहुण्याला नव्हे.

एक सावधगिरी मात्र खास मराठीची. फाइल लहान व्हावी म्हणून फॉन्ट कातरायची पद्धत आहे. इंग्रजीला ती चालते; सव्वीस अक्षरं, त्यांत काय कातरणार आणि काय उरणार! आपल्या देवनागरीत जोडाक्षरांचा गोतावळा आहे. आंधळी कात्री चालवली की ‘ज्ञ’ फुटतो, ‘त्र’ लंगडतो, आणि अर्ध्या ‘ऱ्’ची ती चंद्रकोर गळून पडली की स्वयंपाकघरातल्या आचाऱ्याचा एकदम आचार्य होतो. पान मराठी आहे असंही फाइलीत नमूद करावं, म्हणजे ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ ठेवलेले आहेत तो ते काढून वाढतो. नाहीतर हिंदी वळणाचे येतात. ते काही वाईट नाहीत, पण आपल्या घरी आपलं वळण दिसावं.

तेव्हा माझी मागणी साधी आहे, आणि ती मी आपल्या मराठी मंडळींकडेच करतो. शाळा, दवाखाने, पतपेढ्या, साहित्य मंडळं, दिवाळी अंक, ग्रामपंचायती, आणि परदेशातली महाराष्ट्र मंडळंसुद्धा. संकेतस्थळ करून देणाऱ्याला पैसे देण्याआधी एक प्रश्न विचारा, ‘आमचा पाहुणा आमच्या घराबाहेर कुठे कुठे जातो?’ तो म्हणाला ‘कुठेच नाही,’ तर म्हणा ‘दाखव.’ ब्राउझरमध्येच अशी खिडकी असते, की पान उघडताना गडी कुठे कुठे धावला त्याची यादी तिथे दिसते. त्या यादीत आपल्या नावाशिवाय दुसरं नाव दिसलं की त्याचं कारण विचारायचं. फॉन्टपासून सुरुवात करा, कारण फॉन्टला कारणच नाही. नकाशा किंवा चित्रफीत घरी आणणं एखाद्याला जड जाईल. अक्षरं कुणालाही जड नाहीत.

आणि हेही ज्यांच्याने होत नसेल, शिधा आणायलाही ज्यांचे हात दुखत असतील, त्यांनी काहीच आणू नये. पाहुण्याच्या स्वतःच्या यंत्रात देवनागरी अक्षरं असतातच. विंडोजवर निर्मला आहे, अँड्रॉइडवर नोटो आहे, अ‍ॅपलवर कोहिनूर आहे. आणि अजून पुष्कळ संगणकांवर तो आपला जुना मंगल आहे. दिसायला साधा, पण पाहुण्याला ताटकळत ठेवत नाही, आणि दुसऱ्याच्या दारी तर मुळीच पाठवत नाही.